मंत्रीसाहेब, तुमचा बोलका डबा घेऊन जा, पण आधी हे वाचा

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

नाव मुद्दाम लिहीत नाही. खाती बदलतात, आमचं दुखणं तेच राहतं, त्यामुळं सध्या खुर्चीवर जे कुणी असतील त्यांनी वाचावं.

परवा एका पोराचा फोन आला, "आजोबा, ज्येष्ठांचा तो प्रायोगिक प्रकल्प संपला, मशीन चालू स्थितीत जमा करा, नायतर किंमत भरावी लागेल." चालू स्थितीत! अहो तो दुखणं विचारणारा बोलका डबा दिवाळीपासून मुका पडलाय, तक्रार केली तर म्हणे सर्व्हर वरून बंद आहे. वरून म्हणजे कुठून ते आजवर कुणी सांगितलं नाही.

वॉर्डात मांडव घालून, फेटे बांधून शिबिर घेतलं होतं तेव्हा माइकवरून सांगितलं की जुनी सांधेदुखी, कंबरदुखी असलेल्यांना आता बटण दाबायला नको, चष्मा शोधायला नको, नुसतं बोलायचं. डबा गोळीची वेळ सांगणार, व्यायाम करून घेणार, दुखतंय किती ते रोज विचारून डॉक्टरला कळवणार. कल्पना चांगलीच आहे, त्यात माझं दुमत नाही, म्हणून तर एवढं लिहायला बसलोय.

आमची ही सोलापूरच्या पूर्वभागातली, तेलुगू वस्तीतली, उभी हयात विड्या वळण्यात गेली. पान कातरा, तंबाखू भरा, वळा, दोरा गुंडाळा, हजार झाल्याशिवाय उठायचं नाही. आता दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी गाठी आल्यात, मोबाईलचा स्क्रीन तिच्या बोटाला दाद देत नाही, भलत्याच माणसाला फोन लागतो. मी लूमवर उभा राहून कंबर घालवली, एमआरआयवाला म्हणाला कमरेचे मणके, एल फोर एल फाईव्ह, मी म्हणलं बाबा आकडे नको, झोप कशी येईल ते सांग. म्हणजे बोलून चालणारं यंत्र कुणाला पाहिजे असेल तर आमच्यासारख्यांनाच.

आणि झालं काय? रात्री ही पडल्या पडल्या म्हणाली, "गुडघा लई ठणकालाय, गोळी कधी घेतलती मी?" डबा म्हणतो, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाया." पुन्हा मोठ्यानं विचारलं तर त्यानं भजन लावलं. तिसऱ्यांदा तिनं तेलुगूत चार शिव्या घातल्या, तेही त्याला कळलं नाही, म्हणजे तेवढं बरंच झालं. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशी चार चुलींची बोली आहे हे ज्यानं ठेका दिला त्याला माहीत नव्हतं का? तुमच्याच सरकारनं २०२२ ला भाषिणी आणली, सगळ्या भारतीय भाषांत यंत्र बोलणार म्हणून. फोनवरचं गुगल २०१७ पासून मराठी ऐकतंय. मग म्हाताऱ्यांच्या वाट्याला हिंदी डबा का? वर त्याला वायफाय लागतं, ते कुणी भरायचं? शिबिरात ह्यावर कुणी बोललं नाही, फोटो काढून गेले.

साहेब, तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हा डॉक्टरी भाषेत वेगळाच आजार धरतात, नुसत्या एक्स-रेवर ते कळत नाही. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, डॉक्टर विचारतात किती दुखतं, आपण त्या दिवशीचं सांगतो, मागचा महिना कसा गेला ते कुणाच्या लक्षात? रोज संध्याकाळी कुणी विचारलं, शून्य ते दहात किती, झोप झाली का, चाललात का, तर महिन्याचा कागद समोर ठेवता येतो, कुठली गोळी लागू पडतीय ते दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्या किती खाल्ल्या ते कळतं. आमच्या गल्लीत चिठ्ठीशिवाय मेडिकलवरनं डायक्लोफिनॅकच्या दुखण्यावरच्या गोळ्या आणून बायका शेंगदाण्यासारख्या खातात, बीपी असताना, त्यानं पोटात जखम होते, किडनी जाते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. किडनी गेली की मग तुमची योजना लागू होते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानमध्ये पाच लाख, वा! पण त्यासाठी ॲडमिट व्हावं लागतं. गुडघेदुखीनं रोज मरणारा माणूस ॲडमिट होत नाही, तो रांगेत उभा राहतो. राज्याच्या वयोश्री योजनेत एकदाच तीन हजार, पट्टा घ्या नाहीतर काठी घ्या, पुढं तुमचं तुम्ही बघा.

पैशाचं काढलंच तर सगळंच काढतो. पीएफवाल्या कामगारांची, ईपीएसची किमान पेन्शन २०१४ ला हजार केली आणि हजारावरच बसलीय. केंद्राची वृद्धापकाळाची पेन्शन साठ ते एकोणऐंशी वयाला दोनशे रुपये, दोनशे! त्यात एक मोबाईल रिचार्ज धड होत नाही. विडीवाल्या बायका शहरात साठ-सत्तर हजार आहेत म्हणतात, सगळ्यांची बोटं, माना, कंबरा गेल्यात, त्यांच्यासाठी कुठला डबा? २०१६ च्या पहिल्याच यादीत आमचं सोलापूर स्मार्ट सिटीत आलं, ढोल वाजवले, आज चाललंय काय तर चार-पाच दिवसांनी नळाला पाणी, घागरी उचलायला आम्हीच, आणि मग कंबर का दुखते म्हणून विचारायला यंत्र!

खरं सांगू का, डबा लागतच नाही. निवडणुकीत "नमस्कार, मी बोलतोय" असा तुम्हा लोकांचा रेकॉर्ड केलेला फोन दिवसातनं तीनदा येतो, बटणाच्या साध्या फोनवर येतो, पूर्वभागात तेलुगूत येतो, अक्कलकोटकडं कन्नडमध्ये येतो. तेव्हा सर्व्हर बंद नसतो, भाषा अडत नाही, कुठल्या घरात कोण म्हातारं आहे तेही बरोबर माहीत असतं. तेच यंत्र, तेच नंबर वापरा. रोज एक फोन, दुखणं किती, गोळ्या किती, दोन व्यायाम, आणि आकडा आठच्या वर गेला तर आशाताईला निरोप. काय बोललो ते आरोग्य केंद्रापुरतंच राहील हे लेखी द्या, नायतर उद्या तेल विकणारे फोन करायचे.

डबा न्यायला माणूस पाठवा, तो मी नेऊन देणार नाही, जिना उतरवत नाही. आणि फोन सुरू केलात तर संध्याकाळी सातनंतर करा. पाण्याच्या दिवशी मात्र नऊनंतर, त्या दिवशी दोघंही भांडी भरत असतो.

आपला,
एक ज्येष्ठ नागरिक, सोलापूर