प्रेस भंगारात जाऊ दिली नाही त्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

साष्टांग नमस्कार.

आमची हायड्रॉलिक प्रेस, म्हणजे तेलाच्या दाबाने बेअरिंगं-बुश दाबून बसवायचं यंत्र, व्यवस्थित चालू आहे. ऊसतोड सुरू झाल्यापासून रोज तिच्यावर काम पडतंय आणि दाब कुठेही सुटत नाही. फोनवर तुमचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो.

पत्र तुम्हालाच लिहितोय, पण ते चारचौघांनी वाचावं अशी आमची इच्छा आहे. आपल्या भागात अशा जुन्या प्रेस कितीतरी वर्कशॉपमध्ये पडून आहेत. त्यांच्या मालकांनाही आमच्यासारखंच कुणीतरी सांगितलेलं असणार, की आता हिला किलोवर विका.

आमची प्रेस वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून जुनीच घेतली होती. 25 टनी, चॅनेलचे दोन खांब, वर सिलिंडर, त्यातून खाली येणारा रॅम म्हणजे जाड दांडा, बाजूला हातपंप. ट्रॉलीच्या हबमधली बेअरिंगं, ट्रॅक्टरचे बुश, गुऱ्हाळाच्या घाण्याची दुरुस्ती, सगळं तिच्यावरच चालायचं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोळ तालुका बुडाला, तेव्हा प्रेसही पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर टाकीतलं तेल काढलं तर ते दुधासारखं पांढरट झालेलं. तेल बदललं, प्रेस चालायला लागली, आणि आम्हाला वाटलं सुटलो.

पण आतल्या बारीक भोकांमध्ये पाणी राहिलं होतं आणि ते आपलं काम करत होतं. काही वर्षांनी दाब टिकेनासा झाला. हँडल मारलं की दाब चढायचा, हात काढला की उतरायचा. बेअरिंग अर्धं बसायचं आणि तिथेच थांबायचं. एकाने सांगितलं, नवीन घ्या. दुसऱ्याने सिलिंडर उतरवून होनिंग, म्हणजे आतली भिंत घासून गुळगुळीत करणं, आणि नवीन सील, असा खर्च सांगितला. तो ऐकून दोघं भाऊ गप्प बसलो होतो.

तुम्ही आलात आणि पाना हातात घेतलाच नाहीत. रॅमखाली एक कोरा पुठ्ठा ठेवलात, दाब चढवायला लावलात आणि स्टूल ओढून बसलात. पुठ्ठा कोरडाच राहिला. "पोरांनो, तेल भायेर येत न्हाई म्हणजे रॅमचं सील चांगलं हाय. मग तेल पळतंय कुठं?" हा तुमचा प्रश्न आम्ही आता प्रत्येक मशीनला विचारतो.

मग तुम्ही हँडल खाली दाबून सोडून द्यायला सांगितलंत. हँडल आपोआप, अगदी सावकाश वर यायला लागलं. इतकी वर्षं ते आमच्या डोळ्यांसमोर वर येत होतं, पण त्यातून काय समजायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. पंपातून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेवर एक छर्रा बसलेला असतो. त्याने तेल पुढे जाऊ द्यायचं आणि मागे फिरू द्यायचं नाही. तो नीट बसत नसेल तर सिलिंडरमधलं तेल उलटं पंपात शिरतं, पंपाच्या दांड्याला खालून ढकलतं आणि हँडल उचललं जातं. टाकीकडून तेल ओढणाऱ्या वाटेवर दुसरा छर्रा असतो. तोही गळत असेल तर तेल पार टाकीत परत जातं आणि दाब टिकायचं नावच नाही. आमचे दोन्ही गेलेले होते.

छर्रा बाहेर काढून तुम्ही तो धाकट्याच्या तळहातावर ठेवलात. सुईच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे, तेही एका बाजूलाच. सिलिंडर बदलायच्या गोष्टी चालल्या होत्या आणि दोष होता पाव इंची छर्ऱ्यात.

पुढचं काम आम्ही दोघांनी केलं, तुम्ही फक्त बोलत होता. सगळ्या वाटा डिझेलने धुवायच्या, कंप्रेसरच्या हवेने कोरड्या करायच्या, चिंधीचा एक दोरासुद्धा आत राहता कामा नये. छर्रा जिथे टेकतो ती बैठक साफ झाल्यावर नवा छर्रा ठेवायचा, त्यावर पितळी गज टेकवायचा आणि हातोडीचा एक हलका ठोका. एकच. तेवढ्याने छर्ऱ्याची गोलाई बैठकीवर उमटते. मग तो छर्रा काढून टाकायचा आणि त्याच मापाचा दुसरा, ठोका न खाल्लेला, बसवायचा. माझा हात दुसऱ्या ठोक्यासाठी उचलला गेला तेव्हा तुम्ही मनगट धरलंत, तो धाक अजून मनगटात आहे.

तेल 68 नंबरचं हायड्रॉलिक. ब्रेक ऑइलने काम भागतं असं आमच्याकडे बरेच जण म्हणतात, पण त्याने पंपातल्या रबरी ओ-रिंगा फुगतात, हे तुम्ही बजावलंत. भरल्यावर पाइपाच्या जोडाचं युनियन सैल करून फेस जाईपर्यंत हवा काढली. मग रॅमखाली लोखंडाचा ठोकळा ठेवून दाब चढवला आणि जेवायला गेलो. परत येईपर्यंत दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागचा हलला नव्हता.

तो काटाही तुमच्यामुळेच. पुरानंतर गेज अडकलेलंच होतं आणि आम्ही हाताच्या अंदाजावर काम करत होतो. तुम्ही खडूने खांबावरच हिशेब मांडलात: सिलिंडरचा व्यास 100 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर. 25 टन जोर हवा तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 318 किलो दाब. त्याच्या वर काटा गेला तर प्रेस नाही, तुम्ही धोक्यात, असं म्हणालात. कुणीतरी कधीकाळी रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब जास्त झाला की तेल टाकीत सोडणाऱ्या झडपेचा, स्क्रू पूर्ण आवळून ठेवला होता. नवीन गेज लावून तुम्ही तो त्या आकड्यावर आणून ठेवलात. खडूचा हिशेब आम्ही ऑइल पेंटने पक्का करून घेतला आहे.

आणखी एका गोष्टीसाठी आमच्या दोघांच्या बायकांनी तुमचे वेगळे आभार मानायला सांगितलेत. दाबाखाली तेल कुठून झिरपतंय ते बोटाने चाचपायची सवय या धंद्यात सगळ्यांना असते. बारीक फटीतून सुटलेली तेलाची धार कातडीतून आत घुसते, बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आणि ताबडतोब ऑपरेशन झालं नाही तर बोट, कधी हातच जातो. हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. आता शोधायचं असेल तर पुठ्ठा फिरवतो, आणि हात लावायच्या आधी दाब सोडतो.

रॅमचं सील चामड्याचं आहे आणि ते अजून ठीक आहे, याचं आम्हाला फार आश्चर्य वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, हापशातल्या वॉशरसारखंच समजा, आतला दाब वाढेल तशी त्याची कड भिंतीला जास्त घट्ट चिकटते. नंतर वाचलं तर इंग्लंडात जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये या प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हाही गळती याच युक्तीने थांबवली होती, आणि तिचं श्रेय त्याच्याकडचा कारागीर हेन्री मॉड्स्ले याला देतात. तुमच्या तोंडून ऐकलं नसतं तर ते वाचून आम्हाला काहीच कळलं नसतं.

तुम्ही मजुरी घेतलीत हे फार बरं केलंत. कसबाचे पैसे व्हायलाच हवेत. पण सिलिंडर उतरवला असता तर तुम्हाला त्याच्या कितीतरी पट मिळाले असते, आणि खरं काय ते आम्हाला कळलंही नसतं. आभार त्याचे आहेत. आयुष्यभर कमावलेलं, हातचं काही न राखता दोन अनोळखी पोरांसमोर उलगडून ठेवलंत, त्याचे आहेत.

आता एक काम. कुरुंदवाडच्या एका वर्कशॉपमध्ये अशीच पुरात बुडालेली प्रेस आहे. आम्ही जाऊन बघितली. पुठ्ठा कोरडा, हँडल सोडलं तर जागचं हलत नाही, तरी काटा उतरतो. म्हणजे छर्रे ठीक असावेत आणि दाब सोडायच्या व्हॉल्व्हची सुई बैठकीवर बसत नसावी, असा आमचा अंदाज आहे. पण रिलीफ व्हॉल्व्हवरही संशय येतो. तुमचं ऐकल्याशिवाय काही उघडू नका असं मालकाला सांगून आलोय. आधी काय तपासू, तेवढं फोनवर सांगा.

तुमचे,
शिरोळ रस्त्यावरचे दोघे भाऊ