टक्का कोणी आणि कसा मोजला, तेही सांगा

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांना मागणी वाढल्याची बातमी आपल्या रविवारच्या अंकात वाचली. तिच्यासोबत खरेदीदारांसाठी एक चौकट होती. बॅटरी हेल्थ, म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत उरलेली क्षमता, ९० टक्क्यांच्या वर असेल तर गाडी निर्धास्त घ्या, असा तिच्यातला सल्ला. हा सल्ला अपुरा आहे आणि विकणाऱ्याच्या फार सोयीचा आहे, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी वीजमीटर तपासण्यात गेली. तिथे रीडिंग कधी एकटे लिहीत नसत. कोणत्या उपकरणाने घेतले, किती तापमानाला, किती लोडवर, कोणत्या तारखेला, हे शेजारी नसेल तर साहेब कागद परत पाठवत. इथे काही लाखांचा व्यवहार मोबाइलवरच्या एका स्क्रीनशॉटवर उरकतो!

बॅटरी हेल्थ कोणी थेट मोजत नाही. गाडीतली बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या करंटचा हिशेब ठेवते आणि त्यावरून नव्या बॅटरीच्या तुलनेत आज किती क्षमता उरली याचा अंदाज बांधते. अंदाज पक्का व्हायला बॅटरी बरीच रिकामी होऊन पुन्हा पूर्ण भरलेली तिला दिसावी लागते. गाडी रोज ४० ते ७० टक्क्यांतच फिरवली असेल, तर पडद्यावरचा आकडा जुनाच राहिलेला असू शकतो. नव्या मालकाने पहिल्यांदा शंभर टक्के चार्ज केले, गाडी गावाला नेली आणि ९५ चे ९१ झाले, की तो घाबरतो. बॅटरी त्या एका प्रवासात बिघडलेली नसते, हिशेब उशिरा दुरुस्त झालेला असतो.

बॅटरी अनेक छोट्या सेलची बनते; आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे सेल आहेत, आणि त्यांच्या बाबतीत ही अडचण जास्त. या सेलचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास हलतच नाही. चार्ज ३५ टक्के असो की ६५, सेल ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास. त्यामुळे कमजोर सेल मधल्या टप्प्यात सहज लपतो. एका नातेवाइकासाठी डीलरकडे गाडी बघायला गेलो होतो, तेव्हा ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) डोंगल म्हणजे छोटे जोडयंत्र लावून मोबाइलच्या ॲपवर सेलचे आकडे उघडले. चार्ज ६० टक्के. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमध्ये जेमतेम काही मिलिव्होल्टचा फरक, आणि हेल्थ ९६ टक्के. डीलर खूश. टेस्ट ड्राइव्ह लांबवून चार्ज १२ टक्क्यांपर्यंत उतरवला, तर तोच फरक शंभर मिलिव्होल्टच्या पुढे गेला. एकच सेल बाकीच्यांच्या आधी तळ गाठत होता. पॅकमधले म्हणजे पूर्ण बॅटरीतले सेल एकापुढे एक मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे तो सेल दमला की गाडीही तिथेच दमणार. हेल्थचा आकडा मात्र तेव्हाही ९६ च. त्याच आवारातली ९१ टक्केवाली गाडी आम्हाला जास्त बरी वाटली, कारण तिचे सगळे सेल खालपर्यंत एकत्र उतरले.

डीलर साधारणपणे गाडी अर्धी चार्ज असतानाच दाखवतात. सोय म्हणून असेल. पण खरेदीदाराने एकदा पूर्ण भरलेली आणि एकदा १५ टक्क्यांच्या खाली उतरलेली गाडी बघायला मागावी. नाही म्हणाले, तर तेही एक रीडिंगच.

डॅशबोर्डवरची रेंज हा आणखी एक फसवा आकडा. ती बॅटरीबद्दल कमी आणि आधीच्या ड्रायव्हरबद्दल जास्त सांगते. आठवडाभर शहरात हळू चालवलेली गाडी भरघोस किलोमीटर दाखवेल, आणि तीच एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने नेऊन आणली की आकडा दणकन उतरेल. त्यापेक्षा स्वतः हिशेब करावा. समजा २०२० ची, ३०.२ किलोवॅट-तास बॅटरीची नेक्सॉन ईव्ही आहे. कंपनीने तेव्हा सांगितलेली ३१२ किलोमीटरची रेंज चाचणीतली होती, ती विसरा. शंभर टक्के भरून निघा, २० टक्क्यांवर थांबा. अंतर १६० किलोमीटर झाले आणि सरासरी खप किलोमीटरला १३५ वॅट-तास दिसला, तर ८० टक्क्यांत २१.६ युनिट (किलोवॅट-तास) गेले. म्हणजे पूर्ण बॅटरीत २७ युनिट, मूळच्या सुमारे ८९ टक्के. नव्या गाडीतही कंपनी थोडी क्षमता राखून ठेवते, त्यामुळे खरी झीज याहून थोडी कमीच. घरच्या मीटरवरून हा हिशेब मात्र करू नये. चार्जरमध्ये वीज वाया जाते, आणि ते युनिटही मीटर मोजतो.

परदेशात हा गोंधळ आपल्या आधी होऊन गेला आहे. निसानच्या लीफ गाडीत बॅटरीच्या क्षमतेसाठी १२ पट्ट्या असत, पण पहिली पट्टी जायला सुमारे १५ टक्के क्षमता जावी लागे. म्हणजे बाराच्या बारा पट्ट्या असलेली गाडी ९९ टक्क्यांची असेल किंवा ८६ चीही. त्या बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय नव्हती. अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात पट्ट्या भराभर गेल्या, ग्राहक चिडले आणि कंपनीला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली. चंद्रपूर-अकोल्याकडची गाडी घेणाऱ्याने म्हणूनच बॅटरी कशाने थंड होते हे आधी विचारावे. नुसते किलोमीटर बघून भागत नाही. बॅटरी उभ्या गाडीतही झिजते, आणि पूर्ण भरून उन्हात उभी असेल तर जास्तच.

युरोपने युरो ७ या वाहन प्रदूषणाच्या नियमांत मोटारींच्या बॅटरीसाठी किमान मर्यादा घातली: ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के, ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजारांपर्यंत ७२ टक्के. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मॉडेलपासून बॅटरीची स्थिती चालकाला गाडीतच दिसली पाहिजे असे ठरवले. आपल्याकडे आरसी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरायचे, विमा दाखवायचा, झाले. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसीसुद्धा लागत नाही. म्हणजे वीस वर्षांची खटारा पेट्रोल गाडीही एक तपासणीचा कागद घेऊन येते, आणि जिची बॅटरी हाच सर्वांत महागडा भाग, ती गाडी रिकाम्या हाताने. डीलरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लावायचे मात्र डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत न विसरता ठरले.

परिवहन खात्याने फार मोठे काही करायची गरज नाही. डीलरने विकलेल्या प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीसोबत एक पानाचा अहवाल सक्तीचा करावा. त्यात हेल्थचा आकडा, तो कंपनीच्या यंत्रावर घेतला की बाजारातल्या ॲपवर, तारीख, बॅटरीचे तापमान, पूर्ण आणि कमी चार्जला सेलमधला फरक, आणि पॅक किंवा मॉड्यूल (पॅकमधला सेलचा गट) कधी बदलले असल्यास त्याची नोंद असावी. हे शेवटचे महत्त्वाचे, कारण बदललेल्या पॅकचा आकडा ओडोमीटरशी जुळणार नाही.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर खरेदीदाराने कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून चेसिस नंबर लिहिलेला अहवाल पैसे भरून घ्यावा आणि वॉरंटीचे पुस्तक नीट वाचावे. ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते, अशी वॉरंटी सर्रास असते आणि तिची मुदत गाडीच्या पहिल्या विक्रीपासून मोजतात. २०२० ची गाडी म्हणजे २०२८ ला वॉरंटी संपली. 'आजीवन' वॉरंटीची जाहिरात असेल तर ती पहिल्या मालकापुरतीच आहे का, हे बघावे. आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर कंपनी बॅटरी बदलून देणार, तो आकडा पुस्तकात छापलेला नसेल, तर टोकन देण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून ई-मेलवर लेखी मागून घ्यावा.

आपला,
एक वाचक, नाशिक