बँकॉकच्या मैत्रिणीला, चोपड्याहून

प्रिय मैत्रिणीस,

तुझ्याकडं बँकॉकला राहून आले, त्याचे फोनवर तू आभार मानू देत नाहीस. "जाऊ दे व" म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून हे जाहीर पत्र. चारचौघांत तरी तुला मधे तोंड घालता येणार नाही.

परदेशात गेलेल्या पाहुण्याचं काय होतं ते मी ऐकून होते. गाडीत घालायचं, दोन देवळं, एक मॉल, फोटो, आणि रात्री घरी आणून वरण-भात. तू विमानतळावर घ्यायला आलीस, पोटभर झोपू दिलंस, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना माझ्या हातात एक चिठ्ठी, स्कायट्रेनचं कार्ड आणि सुटे पैसे ठेवून म्हणालीस, "जा, फिरून ये." माय वं! जळगावला जायचं तरी मला स्टँडवर सोडायला कुणीतरी लागतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

त्या चिठ्ठीबद्दल आधी आभार. एका अंगाला मराठीत रस्ता, दुसऱ्या अंगाला थाई अक्षरात तीन ओळी: मांस नको, मासे नको, माशाचा सॉस नको. तिसरी ओळ नसती तर मी उपाशीच राहिले असते, कारण नुसती भाजी मागितली तरी तिथं नाम प्ला, म्हणजे तोच माशाचा सॉस, पडतोच. खाण्याच्या दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते शुद्ध शाकाहारी, बिनधास्त बस, हेही तूच लिहिलं होतंस. तिथं कांदा-लसूणसुद्धा नसतो. लसणाशिवाय खानदेशी जिभेला काय चव लागणार, पण पोट भरलं.

आणि ती होडी! सेन सेप कालवा 1837 ते 1840 या काळात खोदला म्हणे, आणि आजही त्यातून ऑफिसची माणसं एसटीसारखी ये-जा करतात. पाण्याला वास आहे, तो लपवून काय उपयोग. होडी धक्क्याला धड टेकतही नाही, तोवर माणसं चढून-उतरून मोकळी. हेल्मेट घातलेली कंडक्टर बाई होडीच्या काठावरून, बाहेरच्या बाजूनं चालत तिकिटं फाडते. मला बाहेरच्या टोकाला जागा मिळाली. शेजारच्या म्हातारीनं एक दोरी माझ्या हातात दिली आणि समोरून येणाऱ्या होडीकडं बोट दाखवलं. ओढली, तर प्लास्टिकचा पडदा वर आला आणि उसळलेलं पाणी त्यावर आपटून खाली गेलं. मग काय, प्रतूनामला होडी बदलेपर्यंत त्या बाजूचा पडदा माझ्याकडंच होता. तू बरोबर असतीस तर ती दोरी तूच धरली असतीस, आणि मी नुसती बसून राहिले असते.

संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागतं, तेव्हा जिथं असशील तिथं उभी राहा, हेही आधीच सांगून ठेवलंस ते बरं केलंस. एवढी पळणारी गर्दी एका क्षणात थांबते आणि गीत संपलं की पुन्हा धावायला लागते. आपल्या चोपड्याच्या बाजारात हे कुणाला जमेल असं वाटत नाही.

केळीचं मात्र तुझ्याशी भांडण आहेच. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आपण क्विंटलच्या भावावरून रात्र रात्र जागतो, आणि तुमच्या दुकानात एकेक केळं प्लास्टिकच्या पिशवीत निजवून विकायला! पण तुझ्या गल्लीच्या तोंडाशी कोळशावर अर्धकच्ची केळी भाजून, चपटी करून, वर नारळाचा गोड पाक घालून देणारी बाई मी मानली. तिच्याकडं रोज गेले. घरी येऊन मी तसंच केलं, तर सासूबाई म्हणाल्या, पिकलेलं सोडून हे काय खातेस? आणि दोन खाल्ली.

भाऊजींना सांग, बिबड्यांचं, आपल्या ज्वारीच्या पापडांचं, पुढचं पार्सल तयार आहे. मागच्या डब्याचा त्यांनी एकट्यानं फडशा पाडला, आणि तू त्यावर तीन दिवस बोलली नाहीस, हेही इथं सगळ्यांना कळू दे.

डिसेंबरात या. भरताची वांगी तेव्हा शेतात असतात, ती भाजायला तुरीच्या काड्याही मळ्यात रचून ठेवीन. येताना ती केळी भाजायची बारीक जाळी घेऊन ये, इथं मला तशी कुठं मिळाली नाही.

तुझीच,
चोपड्याची मैत्रीण