लांडगे वाढले कशामुळे?

मा. संपादक,

कॅनडातील उत्तरेकडच्या सूचिपर्णी अरण्यावरील माहितीपटाचे परीक्षण आपल्या रविवार पुरवणीत वाचले आणि नंतर तो माहितीपट पाहिलाही. छायाचित्रण अप्रतिम आहे, याबद्दल दुमत नाही; मात्र लांडग्यांचा कळप बर्फातून कॅरिबूचा पाठलाग करतो त्या दृश्याला जोडलेले थरारक संगीत आणि निसर्गाच्या क्रौर्याविषयीचे निवेदन यांमुळे लांडगे वाढले कशामुळे हा मूळ प्रश्नच झाकला गेला आणि परीक्षणकारांनी नेमके त्याच दृश्याचे कौतुक केले.

कॅरिबू म्हणजे रेनडिअरच. अरण्यातील कॅरिबू हिवाळाभर मुख्यतः जुन्या झाडांवर आणि त्यांच्याखालच्या जमिनीवर वाढणाऱ्या दगडफुलावर जगतात. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याच्याच गोतावळ्यातले हे दगडफूल. जंगल तोडल्यावर ते पुन्हा पोटापुरते वाढायला कित्येक दशके लागतात. तोवर त्या जागी कोवळी झुडपे आणि पानझडी रोपे माजतात, ती खायला मूस (हरणांच्याच कुळातले अवाढव्य प्राणी) आणि हरणे येतात, त्यांच्या जिवावर लांडगे वाढतात आणि मुळातच विरळ असलेले कॅरिबू त्यांच्या तावडीत सापडतात. तेलाच्या शोधासाठी जंगलातून सरळसोट पाडलेले पट्टे लांडग्यांना आयतीच वाट करून देतात. या साखळीबद्दल माहितीपटात अवाक्षरही नाही. कॅरिबूंच्या प्रत्येक क्षेत्रातील किमान 65 टक्के अधिवास अबाधित असावा, असे कॅनडाच्या केंद्र सरकारने 2012 मध्येच ठरवले. आल्बर्टा प्रांतात मात्र कॅरिबू वाचवण्यासाठी म्हणून 2005 पासून हेलिकॉप्टरमधून लांडगे गोळ्या घालून मारले जात आहेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

वणव्यांचे चित्रणही असेच अर्धवट आहे. काळा स्प्रूस आणि जॅक पाइन या तिथल्या सूचिपर्णी झाडांची फळे आगीच्या उष्णतेने उघडून बी सांडतात, म्हणजे आग या अरण्याला नवी नाही. 2023 मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले, ही व्याप्ती आणि त्यामागची तापमानवाढ ही खरी चिंतेची बाब आहे.

या विषयात आपणही अगदीच त्रयस्थ नाही. भारतीय वृत्तपत्रे आयात केलेल्या कागदावर मोठ्या प्रमाणात विसंबून आहेत आणि कॅनडा हा त्या कागदाचा जुना पुरवठादार. तिथला बराचसा कागद लाकूड कापणाऱ्या गिरण्यांत उरलेल्या चिपांपासून बनतो, त्यामुळे केवळ वृत्तपत्रांसाठी झाडे पडतात असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण त्या चिपांना गिऱ्हाईक मिळते म्हणून गिरण्यांचे गणित जुळायला हातभार लागतो, हेही नाकारता येणार नाही. प्रेक्षकांनी अंतर्मुख व्हावे, असा सल्ला परीक्षणाच्या शेवटी आहे. त्याऐवजी आपल्या दैनिकाचा कागद कोणत्या देशांतून व कोणत्या गिरण्यांतून येतो आणि त्यामागच्या जंगलाच्या व्यवस्थापनाची स्वतंत्र तपासणी झालेली असते का, ही माहिती वर्षातून एकदा तरी छापावी, अशी विनंती आहे.

— एक नियमित वाचक, नाशिक