कोझुमेलच्या गाईडदादांस जाहीर आभारपत्र

प्रिय गाईडदादा,

सप्रेम नमस्कार.

मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाच्या धक्क्याला क्रूझ लागली की हजारो माणसं उतरतात आणि संध्याकाळी परत चढतात. त्यात टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून आलेल्या आम्हा मायलेकी तुमच्या लक्षात असू, असं नाही. पण माझी आई, वय ६७, मुक्काम घोलवड, तुम्हाला विसरलेली नाही. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे जाहीर पत्र.

सकाळी धक्क्यावर एका माणसानं आईकडे न बघताच मला सांगून टाकलं, की आजींना झिपलाइन, म्हणजे उंच तारेला लटकून घसरत जाणं, जमायचं नाही, त्यांना दुकानांमध्ये फिरवा. आई काही बोलली नाही. समोरच्या किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनला जाणाऱ्या फेरीबोटीतही गप्पच होती. तिथे तुम्ही भेटलात आणि पहिला प्रश्न मला नाही, तिला विचारलात. गुडघे दुखतात का? बीपीची गोळी घेतली का? उंचावर चक्कर येते का? दुभाषी मी होते, पण तुमची नजर तिच्यावरच होती. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग जायचं की नाही, ते त्यांनीच ठरवायचं." तिचा चेहरा तिथेच खुलला.

जंगलात पोहोचल्यावर तुम्ही तिला एकेक वस्तू हातात देऊन समजावलीत. हार्नेसचे पट्टे मांड्यांभोवती किती आवळायचे, पुली तारेवर कशी बसते, वर दोन तारा कशासाठी, मचाणावर एक हूक काढायच्या आधी दुसरा अडकलेला का हवा. चामडं लावलेला हातमोजा घालून तारेवर हात दाबला की वेग कमी होतो, पण तो हात कायम पुलीच्या मागे. पुढे गेला तर बोटं चाकाखाली येतील. हे तर तुम्ही तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलंत. ओढणी मात्र काढायला लावलीत आणि ती का, हेही सांगितलंत.

वजनानं हलका माणूस कधी कधी पलीकडच्या मचाणापर्यंत पोहोचत नाही, अलीकडेच थांबतो, हेही तुम्ही आधी बोलून ठेवलं होतं. नेमकं तसंच झालं. झाडांच्या शेंड्यांवर आई लोंबकळतेय आणि इकडे माझ्या पोटात गोळा! तुम्ही आरडाओरडा केला नाहीत की घाई केली नाहीत. हातापुढे हात टाकत तारेवरून तिच्यापर्यंत गेलात, तिला स्वतःला अडकवून घेतलंत आणि ओढत आणू लागलात. तुम्ही स्पॅनिशमध्ये धीर देत होतात आणि आई मराठीत सांगत होती, "सावकाश रे बाळा, मला बघू दे जरा." ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण आईच्या मनात तुम्ही घर केलंत ते खाली उतरल्यावर. वाटेतल्या एका झाडाच्या खोडावर जुने नागमोडी वार होते, तिथे तुम्ही थांबलात. पावसाळ्यात माणसं दोराच्या आधारानं झाडावर चढायची, कोयत्यानं चरे पाडायची, चीक ओघळून बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत जमायचा. तो आटवून वड्या करायच्या, त्याचंच च्युइंगगम. पुढे कारखान्यात बनवलेला गम आला आणि तो धंदा बसला. एकदा चीक काढला की झाडाला काही वर्षं विश्रांती द्यावी लागते, हेही सांगितलंत. आईनं तोवर पान उलटून पाहिलं, सालीवर हात फिरवला आणि ओरडलीच, "अगं, हा तर आपला चिकू!"

दुसरा कुणी हसून पुढे गेला असता. तुम्ही सगळा गट थांबवलात आणि तिला बोलतं केलंत. मग आईनं सांगितलं, की आमच्याकडे खिरणीच्या रोपावर कालीपत्ती जातीच्या चिकूचं कलम बांधतात, डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकनही मिळालंय. तुमच्या मुलखातून निघालेल्या झाडाची हकिगत घोलवडची बाई तुम्हालाच सांगत होती आणि तुम्ही शिष्यासारखे ऐकत होतात. उलट तुम्ही सांगितलंत, की प्राचीन माया लोकांनी ग्वाटेमालातल्या तिकालच्या देवळांत दारांवर चिकूच्या लाकडाच्या तुळया घातल्या आणि हजार वर्षांनंतरही त्यातल्या काही टिकून आहेत. ते ऐकून आईची मान अशी ताठ झाली, की तुळई तिनंच बसवली असावी.

जेवणाचंही सांगायलाच हवं. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर बहुतेक लोक राजमा-भात पुढे करतात. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन विचारून आलात: घेवड्यात डुकराची चरबी होती, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. मग मक्याच्या गरम तोर्तिया, अॅव्होकाडो, टोमॅटो आणि हाबानेरो मिरची अशी वेगळी ताटली आणून दिलीत. आईनं ती मिरची डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली.

तुलुमला, माया लोकांच्या जुन्या शहराच्या अवशेषांत, वेळ थोडाच मिळाला. तीन बाजूंना तट, चौथ्या बाजूला समुद्र, दगडांवर ऊन खात पडलेले इग्वाना, म्हणजे मोठाले सरडे. दाराच्या वर डोकं खाली, पाय वर करून उतरणारा देव दाखवून तुम्ही आईला म्हणालात, "हेही झिपलाइनवालेच." ती अजून सगळ्यांना सांगते.

आणि ते वेळेचं! तुमच्या किंताना रू राज्यानं २०१५ पासून घड्याळ एक तास पुढे नेलंय, आमचं जहाज टेक्सासच्या वेळेवर, त्यात हिवाळा, म्हणजे दोन्हींत तासाचा फरक. परतीच्या फेरीची वेळ तुम्ही दोन्ही घड्याळांप्रमाणे कागदावर लिहून दिलीत, म्हणून आम्ही निवांत परतलो.

दादा, आईचा निरोप आहे: थंडीत घोलवडला या, घरच्यांना घेऊन या. कलम कसं बांधतात ते ती स्वतः दाखवणार आहे.

तुमची कृतज्ञ,
घोलवडच्या आजींची लेक