कपाटासमोरचा बाक आधी हलवा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

१५ ऑक्टोबरला आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात वाचन प्रेरणा दिन झाला. कलाम साहेबांच्या फोटोला हार घातला, एका वक्त्याने रत्नागिरीचं १८२८ चं नगर वाचनालय, ठाण्याचं १८९३ चं ग्रंथसंग्रहालय अशी सगळी परंपरा सांगितली आणि मग नेहमीचं, की हल्लीची पोरं वाचतच नाहीत, सारखं मोबाईलमध्ये डोकं. मी मागे बसून भिंतीकडच्या कपाटाकडे बघत होते. त्याच्यावर 'बाल विभाग' लिहिलंय, त्याला कुलूप आहे, आणि कपाटाला अगदी चिकटून एक लांब बाक ठेवलाय, म्हणजे कुलूप काढलं तरी दार वीतभरच उघडणार. पोरांनी वाचायचं तरी काय, कपाटाची काच?

मी इथली सभासद झाले तेव्हा चौथीत होते, १९८२-८३ साल असेल. महिन्याला एक रुपया वर्गणी आणि दहा रुपये अनामत. आत जायला तेव्हाही बंदीच होती, लाकडी काउंटरच्या वर माझं जेमतेम कपाळ दिसायचं. एक जाडजूड यादीची वही असायची, त्यातून पाच दाखल नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि काका आत जाऊन त्यातलं जे आधी हाताला लागेल ते आणून द्यायचे. नुसत्या नावावरून पुस्तक कसं असेल ते काय कळणार, त्यामुळे सगळा लॉटरीचाच कारभार. एकदा शेळीपालनाचं पुस्तक आलं, तेही वाचून काढलं मी, अजून थोडंफार आठवतंय. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेलं की काका चष्म्यावरून बघत विचारणार, "एवढ्यात झालं? वाचलंस का नुसती चित्रं बघितलीस?"

एका पुस्तकाची शेवटची पानं गायब होती. जिथे संपलं तिथे खाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं, 'पुढची पानं नाहीत, वाचू नका'. आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, 'तरी वाचा, भारी आहे'. आता हे शेवटच्या पानावर लिहून काय उपयोग, तिथवर येईपर्यंत वाचून झालेलंच असतं की! पण ती दोन माणसं कोण असतील ह्याचा मी कितीतरी दिवस विचार करायचे, वर्गातल्या मुलींची अक्षरं ताडून बघायचे.

मग सहावीत दप्तरात पावसाचं पाणी शिरलं आणि पुस्तक भिजून फुगलं. दुप्पट किंमत भरा म्हणाले. बाबांनी काही न बोलता भरले, पण काउंटरपाशी चार लोक उभे होते आणि ते सगळे माझ्याकडे बघत होते. त्यानंतर दोन वर्षं मी त्या गल्लीत पाय ठेवला नाही, आईने भाजीला पाठवलं तरी लांबच्या रस्त्याने जायचे.

कॉलेजला पुण्याला गेले आणि तिथे पहिल्यांदा रॅकमधून हाताने पुस्तक काढायची परवानगी मिळाली. खोटं वाटेल पण मी पहिल्या दिवशी काहीच न घेता बाहेर आले, कोणीतरी ओरडेल असंच वाटत होतं. पुढे नोकरी, पोरं, मग पुस्तकं विकत घ्यायला लागले, नंतर फोनवर वाचायला लागले. बालभारतीने किशोरचे जुने अंक नेटवर फुकट टाकलेत, त्या नादात एकदा रात्रीचा एक वाजला होता. लायब्ररी हवीच कशाला, असं मीच चारचौघांत म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी गावी परत आले आणि वाचनालयात गेले तर तिथे अभ्यासिका! हॉलभर एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं, पाण्याच्या बाटल्या, चार्जर, स्वतःची गाईडं. माझं डोकंच फिरलं, तिथल्या मॅडमना नको ते बोलले. त्यांनी शांतपणे हिशोबाची वही पुढे केली. आपल्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, वाचनालयांचे अ ब क ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ जाहीर झाली खरी, पण त्यातूनच पगार, त्यातूनच पुस्तकं, त्यातूनच बाकी सगळं. कर्नाटकात, तमिळनाडूत लायब्ररीसाठी वेगळा उपकर घेतात, आपल्या कायद्यात तो नाहीच. २०१२ नंतर बरीच वर्षं वर्ग वाढवून देणंही बंद होतं. म्हणजे 'ड'वाला 'ड'मध्येच. त्या मॅडमना महिन्याला जे मिळतं त्यापेक्षा जास्त माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई कमावतात, हे मी वहीत बघून सांगतेय. आणि लाईट बिल निघतं ते ह्या मुलांच्या फीमधून. वाचायला म्हणून पुस्तक नेणारे सभासद चाळीसही नाहीत.

तेव्हा अभ्यासिकेवर माझा राग नाही. ज्यांच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं आहेत त्या पोरांनी बसायचं कुठे? माझा भाचाही तिथेच बसून अभ्यास करतो. पण बाल विभाग हा बाकाच्या मागेच का? रविवारी सकाळी अभ्यासिका रिकामी असते, तेव्हा दोन तास ते कपाट उघडा, पुस्तकं खाली सतरंजीवर मांडा आणि पोरांना हाताळू द्या. फाटतील थोडी, फाटू द्या, आत बंद राहून कसर लागतेच आहे की. रविवारी मी स्वतः येऊन बसायला तयार आहे, पगार नको.

ते पेन्सिलवालं पुस्तक मी शोधलं. त्याचा दाखल नंबर मला पाठ आहे अजून. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे लाल शाईत 'बाद' लिहिलंय.

समितीला बाकाचं सांगितलं तर म्हणाले लेखी द्या. अर्ज दिला, पोच घेतली. त्याला आज सात आठवडे झाले, बाक आहे तिथेच आहे.

आपली,
एक जुनी सभासद, जि. सातारा