आप्पा, विनूच्या गाडीबद्दल

श्टुटगार्ट,
१४ डिसेंबर २०२५

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही चिडलात आणि मी गप्प बसलो. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. विनूनं पुण्यातली जुनी ऑक्टाव्हिया आरएस २४५, म्हणजे स्कोडाच्या ऑक्टाव्हियाचीच जास्त ताकदीची, वेगवान आवृत्ती, बघून ठेवलीय हे कळल्यावर तुम्ही म्हणालात, "जुनी स्कोडा कशाला? आणखी थोडे घाल आणि फॉर्च्युनर आण, उद्यमबागेत शिरलास तर माणसं वळून बघतील तरी." आपल्या बेळगावाकडं हे खोटं नाही. चिकोडी-निपाणीकडं उसाचं बिल आलं की उंच पांढरी गाडीच दारात येते, आणि तिचा नंबर गाडीच्या आधी ठरतो.

इथं उलटं बघतोय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांची राखाडी आउडी स्टेशनवॅगन आहे, म्हणजे मागं लांब डिकीची घरगुती गाडी. मागं कुत्र्याची जाळी, आणि डिकीवर मॉडेलचं एकही अक्षर नाही. इथले पुष्कळ लोक गाडी मागवतानाच ती अक्षरं नकोत म्हणून सांगतात. वर्षभर मला ती साधीच वाटली. एका थंडीच्या सकाळी गार इंजिन चालू झालं तेव्हा आवाजावरून कळलं, ही आरएस४, आउडीची वेगवान वॅगन! आज्जाचा शर्यतीचा खिल्लार आठवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो नुसता पांढरा बैल, पण जाणकार खाली वाकून त्याचे खूर बघायचा.

जर्मन माणसाला अशी वॅगनच हवी. १९९४ मध्ये आउडीनं पोर्शेला बरोबर घेऊन आरएस२ काढली, ती इथं जवळच, झुफेनहाउझेनला जुळवायचे. घरगुती वॅगन, पण पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३१५ अश्वशक्ती, ब्रेकच्या कॅलिपरवर पोर्शेचं नाव. तीन हजारांच्या आतच निघाल्या. आणि अमेरिकेत? आरएस६ वॅगन युरोपात २००२ पासून विकली जाते, पण अमेरिकेत गेली ती थेट चौथी पिढी. इटलीत तर करानं आवड घडवली. दोन लिटरच्या वरच्या इंजिनाला ३८ टक्के व्हॅट होता, म्हणून फेरारीनं तिथल्यासाठी दोन लिटरची २०८ काढली, बीएमडब्ल्यूनं ३२०आयएस. आपल्याकडं करासाठी चार मीटरच्या आतल्या गाड्या निघाल्या, तसंच. आज त्याच ३२०आयएस शौकीन शोधत फिरतात.

तेव्हा कुठल्या गाडीला मान मिळतो, हे बघणारा कोण आहे त्यावर ठरतं. विनूला गल्लीतल्या सगळ्यांनी बघायला नकोय. पेट्रोल पंपावर एखादा पोरगा येऊन "ही आरएस ना?" म्हणाला, की त्याचे पैसे वसूल. ही गाडी २०२० मध्ये तयारच आयात झाली, अख्ख्या देशासाठी २००, किंमत ३५.९९ लाख. यंदा ऑक्टोबरमध्ये नवी आरएस आली ती फक्त १००, आणि बुकिंगमध्येच संपली. विनूला मिळाली नाही, त्या रात्री तो माझ्याशी दीड तास बोलत होता.

गाड्या थोड्याच निघाल्या म्हणून मिळणाऱ्या मानाबद्दल मात्र मी त्याला बजावलंय. पोर्शेनं २०१६ मध्ये ९११ आर काढली, फक्त ९९१. इंजिन शर्यतीच्या धाटणीच्या ९११ जीटी३ आरएसचंच, पण हातानं टाकायचे सहा गिअर आणि मागं मोठा पंख नाही. तिच्या किमती आभाळाला भिडल्या. पुढच्या वर्षी साध्या जीटी३ मध्येही हातगिअर परत आला, आणि त्या किमती उतरल्या. म्हणून भाव चढेल या आशेनं घेऊ नकोस, चालवायची असेल तर घे. तो म्हणाला, "दादा, मी विकणारच नाही."

हे वाक्य मी आधी कुणाकडून ऐकलंय, सांगू? आप्पा, तुमची आरएक्स १००. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती. कंपनीनं १९९६ ला ती बंद केली, आणि तुम्ही अजून दर रविवारी तिचा कार्ब्युरेटर साफ करताय. खानापूर रोडला तिचा आवाज आला की आई चहा टाकायची. गेल्या दिवाळीत निपाणीचा माणूस लाख रुपये रोख घेऊन आला, तर त्याला चहा-फराळ देऊन परत पाठवलंत. बुलेट असलेले तुमचे मित्र तेव्हाही हेच म्हणायचे की, जरा मोठी गाडी घे.

आता नंबरच्या पाटीचं. दुबईत २०२३ मध्ये नुसती 'पी ७' ही पाटी दानासाठीच्या लिलावात साडेपाच कोटी दिरहमला गेली, तेव्हा पाटीचं वेड फक्त आपल्याकडं नाही. विनूचा जीव त्या एमएच पाटीत अडकलाय. बेळगावच्या रस्त्यावर एमएच दिसली की माझाही ऊर भरून येतो, तुम्हाला ते सांगायला नको. पण गाडी कायमची घरी राहणार तर बारा महिन्यांच्या आत केए-२२, म्हणजे बेळगावची पाटी करावीच लागेल. पुणे आरटीओची एनओसी आधी हातात घ्या, आणि कर्नाटकचा कर धरूनच भाव बोला. नव्या महागड्या गाडीला तो १८ टक्के आहे. जुनीला वयाप्रमाणं कमी होईल, तरी रक्कम लहान नसते.

बघायला तुम्हीही जा. विनू गाडी बघून हरखून जाईल, तुमचा कान लागेल. आदल्या रात्रीपासून गाडी बंद ठेवा म्हणावं, गार इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा. सर्व्हिसचे सगळे कागद बघा, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते विचारा. टायर चारी एकाच कंपनीचे आहेत का तेही. आणि पुढचा बंपर खालून बघा, चोर्ल्याच्या रस्त्याला तो घासणारच.

आईला सांगा, कुंदा पोचला, चार दिवसांत संपला. पुण्याला कधी जाताय ते कळवा, त्या दिवशी मी सुट्टी टाकतो आणि व्हिडिओवर थांबतो.

तुमचा,
राजू